नन्नांचं बोट

नन्ना हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठलीही नळी पुढे केली की ते आधी "नाही" म्हणत. कुणीतरी म्हणालं, या माणसाचा नन्नाचा पाढा कधी संपणार, आणि तेव्हापासून ते नन्नाच झाले. नवीन कामाला लागलेल्यांना वाटायचं, वयाला मान म्हणून नाना म्हणत असतील. पहिली नळी नापास झाली की त्यांची समजूत दुरुस्त व्हायची.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. ते बोलतात, मी रजिस्टरमध्ये लिहिते. अकरा वर्षं हेच चाललंय. नवऱ्याचं बोलणंसुद्धा मी कधी इतकं मन लावून टिपून घेतलेलं नाही.

आमच्याकडे माणसाच्या अंगात बसवायच्या कृत्रिम रक्तवाहिन्या तयार होतात. पेन्सिलीहून जरा बारीक, धाग्यांची विणलेली नळी, वर मऊ थर. साधी नळी अंगात नुसती पडून असते; रक्ताचा जोर वाढो की उतरो, तिला त्याचं सोयरसुतक नाही. आमच्या मॅडमनी आखलेली नळी मात्र जोर वाढला की सैलावते, उतरला की आवळते. शिवाय तिच्या भिंतीत केसाएवढी तार आहे. आतली वाट अरुंद व्हायला लागली की ती तार बाहेर निरोप धाडते. पडद्यावर हिरवा ठिपका म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा दवाखान्यात. निदान कागदावर तरी असंच आहे.

तपासणीच्या खोलीत पाच टाक्या, प्रत्येकीत आठ नळ्या, अंगाच्या उबेइतकं कोमट मिठाचं पाणी आणि वर पंप. पंप हृदयापेक्षा भराभर ठोके देतो, कारण नळीचं वर्षभराचं आयुष्य आम्हाला काही आठवड्यांत बघायचं असतं. खिडकी उघडायची नाही, पाण्याची ऊब बिघडते. दुपारनंतर त्या खोलीत माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणिसाव्या नळीवर हिरवा ठिपका होता. नन्नांनी तपासणीसाठी पंप सावकाश केला, पाण्यात हात घातला, नळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाही. पुढे अडलंय."

मॅडम हसल्या. "नन्ना, आत तार कशाला घातलीय मग?"

"ते मला काय माहीत? कापून बघा."

कापली. सांध्यापाशी आतला थर सुटून घडी पडली होती, निम्मी वाट बंद. मॅडमचा चेहरा पडला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची माझी पायरी नाही.

"तुम्हाला कळलं कसं?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा नन्नांच्या घरची गोष्ट आम्हाला कळली. वहिनींची मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून ठेवलेली असते. तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थरथर म्हणजे वाट मोकळी. थरथर उतरली आणि नुसता ठोका जोरात लागायला लागला, तर समजायचं की पुढे अडलंय, आणि त्याच दिवशी धावायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एकदा शिकवलं, आणि नन्ना रोज सकाळी चहाच्या आधी बायकोच्या हातावर बोट ठेवायला लागले.

मॅडम बाई हुशार. त्यांनी ठरवलं, तारेला शिकवायचं तर नन्नांच्या बोटाकडूनच. मग रोज चाळीस नळ्या, प्रत्येकीला दहापैकी गुण. नन्ना आकडा सांगणार, मी लिहिणार, मॅडम तारेचा निरोप त्याच्याशी ताडून बघणार. बोट दिवसभर पाण्यात. संध्याकाळी त्यांना डब्याचं झाकण उघडता यायचं नाही, ते मी उघडून द्यायची. "दमलात?" विचारलं तर म्हणायचे, "नाही." दुसरं काय म्हणणार!

असंच दमत दमत गेल्या वर्षी एक मंगळवार उगवला. त्या दिवशी नन्ना कामावर आले आणि पहिल्याच टाकीपाशी नुसते उभे राहिले. मी आकड्याची वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ताई, बोट दमलं की खोटं सांगतं का हो?"

"मला काय माहीत? माझं तर डोकंच दमलंय," मी म्हणाले. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या सकाळी वहिनींच्या हातावर त्यांना ठोका लागला होता. थरथर जवळजवळ नव्हतीच. दुसऱ्या हाताची जोडणी आधीच वाया गेलेली. त्या वेळी पंधरा दिवस दवाखान्यात काढले होते. वहिनी कित्येक दिवसांनी जरा हसून बसल्या होत्या. नन्नांनी मनाशी म्हटलं, दिवसभर चाळीस नळ्या चाचपून बोटच बधिर झालंय. आणि जन्मात पहिल्यांदा ते पटकन म्हणाले, "ठीक आहे."

गुरुवारी जोडणी बंद पडली. डॉक्टरांनी उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मानेत तात्पुरती नळी घातली. तिच्यातून डायलिसिस होतं, पण जंतू शिरायची भीती रोजची. हातातल्या शिरा संपल्या होत्या. आता कृत्रिम नळीच बसवायची, असं डॉक्टर म्हणाले. साधी नळी वर्ष-दीड वर्ष टिकली तर नशीब.

याच सुमाराला मॅडमच्या नळीला पहिल्या दहा माणसांत बसवायची परवानगी मिळायच्या बेतात होती. फक्त टाक्यांतल्या चाळीस नळ्यांच्या तुकडीवर तपासनिसाची, म्हणजे नन्नांची, सही हवी होती. डॉक्टरांनी दहा जणांत वहिनींचं नाव सुचवलं.

मॅडम स्वतः आमच्या खोलीत आल्या. "चाळीसपैकी सदतीस उत्तम आहेत, नन्ना. हवं तर दुसऱ्या कुणाची सही घेऊ, तुमच्यावर भार नको. वहिनींचा विचार करा."

नन्नांनी पुढच्या नळीवर बोट ठेवलं. उरलेल्या तिघींचं त्यांनाही माहीत होतं, मलाही; रजिस्टर माझ्याच अक्षरात होतं. आत अडलेलं असताना त्या हिरवा ठिपका दाखवत होत्या. मला मॅडमचा राग आला, आणि खरं सांगायचं तर नन्नांचाही. करून टाका की सही, असं तोंडावर आलं होतं. घरात माणूस मानेत नळी घेऊन बसलंय आणि हे तीन नळ्या मोजतायत!

चार दिवसांनी वहिनी आल्या. डायलिसिस नसलेला दिवस होता. मानेवर पट्टी, त्यावर ओढणी, जिना चढून धाप लागलेली. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"तीच का ती नळी? लावू का हात?"

मॅडम होत्याच. त्यांनी पंप सावकाश केला. वहिनींनी बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि एका नळीवर बोट ठेवलं. डोळे मिटून उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"छान गुरगुरते," त्या म्हणाल्या. मग नन्नांकडे वळल्या. "आता सांगा. ही मी घेऊ की नको?"

नन्नांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं.

"अहो, नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. त्या मंगळवारसारखं करू नका."

"कुठल्या मंगळवारसारखं?" नन्नांनी विचारलं.

"तीस वर्षांत तुम्ही एखाद्या गोष्टीला पहिल्या झटक्यात ठीक आहे म्हणालात का कधी? भाजीलासुद्धा नाही. तुम्ही ठीक आहे म्हणालात तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिघडलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा चेहरा बघून. म्हटलं, एक दिवस तरी यांना ठीक वाटू दे."

मला रडू आलं, ते मी रजिस्टरमध्ये तोंड घालून लपवलं.

नन्ना म्हणाले, "नाही. अजून नाही. चाळीसातल्या तीन खोटं बोलतात. ठिपका हिरवा दिसला की तू निर्धास्त होशील, मीही होईन, आणि आपण बोट लावायचं सोडून देऊ."

"बरं," वहिनी म्हणाल्या. आता मात्र त्या बसल्या. मग नन्नांचा हात ओढून बोटं उघडून बघितली आणि मॅडमना म्हणाल्या, "यांना हातमोजे तरी देत जा हो."

"हातमोज्यातून कळत नाही," नन्ना म्हणाले.

सही झाली नाही. दहा माणसांचं पुढे ढकललं गेलं. मॅडम महिनाभर आमच्याशी कामापुरतं बोलल्या, पण सांध्याची शिवण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आखायला घेतली. वहिनींच्या दंडात साधी नळी बसवली, मानेतली काढली.

तेव्हापासून आमचा एक नेम झाला आहे. सकाळी पहिल्या टाकीआधी मी विचारते, "घरचं?" नन्ना आकडा सांगतात, तो मी पानाच्या अगदी वर पेन्सिलीने लिहिते. आठ महिने आठ आणि सात, सात आणि आठ असं चाललं होतं. नव्या शिवणीच्या नळ्याही टाक्यांत आल्या आहेत, पण पंपाच्या हिशेबाने त्यांचं पहिलं वर्ष भरायला अजून तीन आठवडे आहेत.

आज सकाळी विचारलं, "घरचं?"

"पाच."

मी पेन्सिल खाली ठेवली. "नन्ना, आधी दवाखान्यात फोन करा."

"केला. तिला सांगूनच केला. दुपारी बोलावलंय," ते म्हणाले, आणि बाही वर करून त्यांनी पहिल्या टाकीत हात घातला.