उलट्या आट्याची बाई

गारखेड्यात रस्त्याकडेच्या आवारात बैलगाड्यांचे जुने भाग विकणारी मावशी गेल्या डिसेंबरात, एका बुधवारी सकाळी वारली. वय नक्की कोणालाच माहीत नव्हते. मुलगी ‘सत्तरीच्या पुढं’ एवढेच सांगते. त्या दिवशी आवारात दोन चाके जोडणारे चौदा आख, चाकांवर चढवायच्या लोखंडी धावांची एक चळत आणि नटांनी भरलेले तेलाचे तीन डबे होते.

गिऱ्हाइके तिला तोंडावर मावशी म्हणत आणि फाटकाबाहेर पडल्यावर ‘उलट्या आट्याची बाई’. जुन्या टायरगाडीच्या आखाला दोन्ही टोकांना नट असतो. उजव्या टोकाचे आटे नेहमीसारखे, डाव्या टोकाचे उलटे. चाक फिरताना नट सैल होऊ नये, म्हणून ही सोय. नवख्या फिटरला ते ठाऊक नसते. तो सोडवायचा म्हणून नट आवळत बसतो आणि शेवटी हातोडा घेतो. अशा माणसाला मावशी ‘ठोक्या’ म्हणे. पुढे हा शब्द तिने बऱ्याच लोकांना लावला. इंजिनियर ठोक्या, तलाठी ठोक्या, जावईही ठोक्या.

भाग ओळखताना ती त्याच्याकडे बघत नसे. अंगठ्याचे नख आट्यांवरून फिरवी, तोंड भलतीकडेच. मग निकाल देई. “ह्यो तुझ्या गाडीचा नाय. चोरून आनला का फसून आनला?” एका माणसाने फसून आणल्याचे कबूल केले. “मंग चोराला तरी अक्कल व्हती,” मावशी म्हणाली.

वेरूळच्या रस्त्यावरील एका रिसॉर्टचा व्यवस्थापक एकदा लाकडी चाक मागायला आला. मी तेव्हा तिथेच होतो.

“जुनं दिसणारं पाहिजे, मावशी. एकच.”

“एक चाक कशाला?”

“भिंतीवर लावायचंय.”

“मंग बैल बी एकच टांग.” तिने चाक त्याच्यापुढे उभे केले. “ह्यातला तुंबा कंचा, दाव.”

त्याने बाहेरच्या लोखंडी धावेवर बोट ठेवले. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला, आख जातो तो भाग. त्याच्या बोटातली अंगठी धावेवर वाजली, तो आवाज तिने ऐकला.

“जा बाबा. पापड टांग. गोल असतोय.”

चाक तिने दिले नाही.

मी वर्तमानपत्रात नोकरी करतो हे कळल्यापासून तिने माझे नाव टाकून दिले होते. मी ‘पेपर’ झालो. “पेपर, बस. पेपर, सावलीतून सरक.”

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, गाडीचा डावा नट उतारावर पडला. दादा अजिंठ्याच्या बाजूला डोंगरातल्या वस्तीवर राहतो. पाण्याचा टँकर खालच्या वळणापर्यंतच येतो. तिथून आठ घरांचे पाणी पिंपात भरून दादाची बैलगाडी वर नेते. गाडी उभी राहिली की आठ घरे कोरडी.

“आख आन,” मावशी म्हणाली.

“मावशी, शंभर किलोमीटर आहे. डाव्या बाजूचा नट पाहिजे, एवढंच. गाडी दादानं जुनीच घेतलीय.”

“डाव्याचं काय सांगतो? गावचा ठोक्या आख काढतो अन् फिरवून बसवतो. डाव्याचं उजवीकडं. आटं बघाय पायजेत.”

“फोटो आणलाय.”

तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, काचेवर नख फिरवले. चित्र सरकून गेले.

“ही तर काच हाय,” ती म्हणाली आणि फोन परत दिला. “तूच सांग. कुनीकडं वळत्यात?”

मी फोटो पाहिला. “सरळ आहेत. नेहमीसारखे.”

“तुझ्या जबानीवर देते,” असे म्हणून तिने डब्यातून सरळ आट्यांचा नट काढला.

नट चढला नाही. दादाने आणि गावातल्या वेल्डरने तो पान्ह्याला पाइप लावून, मग घणाने चढवला. आखाचे आटे सपाट झाले. आख मुळात फिरवलेला नव्हताच. आटे उलटेच होते. दादाने चाकाशेजारी आडवे पडून पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता आणि त्याच्या फोनवर असे फोटो आरशासारखे उलटे निघतात. वहिनीचा फोन आला. “भावजी, नट नाय बसला. हंडा बसला, डोक्यावर.” चार दिवस आठ घरांतल्या बायकांनी वळणावरून हंडे वाहिले.

फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आख टेम्पोत घालून गारखेड्याला आणला. मावशीने नख फिरवले.

“कुनी ठोकलं?”

“दादानं.”

“अन् सरळ कोन म्हनलं व्हतं?”

“मी.”

“पेपरात बी असंच छापतो व्हय? कुनी दाखवलं ते?”



तिने त्रिकोणी कानस घेतली आणि दीड दिवस बसून आटे नव्याने पाडले. चार घासण्या, मग नख. चार घासण्या, मग नख. दुसऱ्या दिवशी दुपारी कानस हातातून निसटून पायाशी पडली. ती तिच्या बोटांपासून वीतभरावर होती. मावशी जमीन चाचपत राहिली. मी कानस उचलून तिच्या हातात दिली. ती पुन्हा घासू लागली.

चहा आणताना मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “दोन वर्षं झाली. मोतीबिंदू. कुनाला सांगू नका म्हनती. गिऱ्हाईक म्हनंल, आंधळीला काय कळतंय.”

मी मावशीपाशी ऑपरेशनचा विषय काढला. घेऊन जातो, म्हणालो.

“डोळं आल्यावर काय बघू?” मावशी म्हणाली. “तुमचं फोटू?”

संध्याकाळी तिने उलट्या आट्यांचा नट स्वतः चढवून, उतरवून, पुन्हा चढवला. आख टेम्पोत गेला. निघताना मी नमस्कार केला, तो तिला दिसला नसावा. “दादाला म्हनावं, आठ दिसाला नख फिरव,” ती म्हणाली. “बघत बसू नको.”

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ऑपरेशन तिने करून घेतले नाही. जानेवारीत आवार रिकामे झाले. आख, धावा आणि डबे मुलीने भंगारात घातले.

काल सकाळी सात वाजता दादाची गाडी आठ घरांचे पाणी घेऊन वर पोचली.