काळ्या पट्ट्या

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा नागपूरहून तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आई लवकर गेल्यामुळे या ताईंनीच तिला वाढवलं. त्यामुळे मला त्या सासूच्या जागी आहेत, आणि ती जागा त्यांनी कधी रिकामी ठेवली नाही. गुडघ्यांमुळे त्यांना शेवटच्या भेटीला इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला, येता आलं नव्हतं. आता त्यांना बहिणीला हलता-बोलताना पाहायचं होतं. मी मोबाइलवर पाठवलेले तुकडे त्यांना नको होते. त्यात ती मुठीएवढी दिसते, म्हणाल्या. त्यांच्याकडे जुना चौकोनी टीव्ही आहे आणि बायकोनेच कधीतरी नेऊन दिलेला डीव्हीडी प्लेअर.

माझी नोकरी ग्रंथालयात झाली. यंत्रांशी माझा संबंध बेताचा. पण कपाटात कॅमकॉर्डर होता आणि त्याच्या टेपा होत्या. एका दिवाळीला मी तो स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवून चालू केला होता. वाइडस्क्रीनचं, म्हणजे रुंद चित्राचं, बटण दाबल्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. त्या टेपेत बायको चकल्या तळते आहे आणि मी उजवीकडे टेबलाशी पुस्तक घेऊन बसलो आहे.

सगळ्या टेपा एका डिस्कवर घातल्या आणि नागपूरला निघालेल्या एका ओळखीच्या मुलीबरोबर ती पाठवली. काही दिवसांनी ताईंचा फोन आला.

"काहून हो जावईबापू, तिला जेवायला घालत नव्हता काय?"

माझी बायको अंगाने चांगली भरलेली होती. दर जानेवारीत ती बारीक व्हायला सुरुवात करायची आणि फेब्रुवारीत थांबायची. मी डिस्क आमच्या टीव्हीवर, चित्राचा आकार ताईंच्या टीव्हीसारखा चौकोनी करून लावली. ती उंच, शेलाटी, एखाद्या मॉडेलसारखी दिसत होती. चकल्या लांबुळक्या, भिंतीवरचं घड्याळ अंड्यासारखं, आणि टेबलाशी मी, पोट नसलेला. ती गेल्यानंतर या घरात मी एकटाच असताना पहिल्यांदा मोठ्याने हसलो. तिला ही डिस्क मिळाली असती तर तिने सगळ्या नातेवाइकांना एकेक पाठवली असती.

पण ताईंना हवी होती ती ही नव्हे. चित्र थांबवून मी घड्याळ फूटपट्टीने मोजलं, उभं आणि आडवं. डिस्क बनवताना प्रोग्रॅमने चित्राचा आकार विचारला होता, आणि तिथे जे आपोआप निवडलेलं होतं तेच मी राहू दिलं होतं. रुंद चित्र चौकोनात दाबलं गेलं होतं. शिवाय एवढ्या टेपा कोंबल्यामुळे चेहऱ्यांचे बारीक चौकोन पडत होते. मग फक्त ती दिवाळी ठेवली, आकार बदलला आणि घड्याळ गोल होईपर्यंत मोजत बसलो.

दुसरी डिस्क पोस्टाने गेली. ती पोचली असावी अशा सुमारास मी वाट पाहिली, पण फोन नाही. शेवटी मीच केला.

"चेहरा अगदी तिचा आहे," ताई म्हणाल्या. "पण वर-खाली काळे काठ कशाला लावलेत? ती गेली आहे हे मला ठाऊक आहे."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. वर्तमानपत्रात निधनाच्या बातमीला काळी चौकट असते, तशी मी तिला लावली असं त्यांना वाटलं होतं. मी समजावलं. तुमचा टीव्ही चौकोनी, चित्र रुंद, म्हणून वर-खाली जागा उरते आणि ती काळी दिसते. त्यांना ते पटलं, पण पट्ट्या आवडल्या नाहीत. मला बघवत नाही, म्हणाल्या.

मग तिसरी डिस्क. चित्र मोठं करत गेलं की पट्ट्या जातात, पण दोन्ही बाजू कापल्या जातात. डावीकडे खिडकी होती, तिची काही हरकत नव्हती. उजवीकडे मी होतो. माझीही नव्हती. आता पडदाभर तीच होती. फक्त एक विचित्र होत होतं. तिचा हात चकली घेऊन चित्राबाहेर जायचा आणि रिकामा परत यायचा. "पुस्तक ठेवा आणि मीठ कमी आहे का सांगा," असं ती भिंतीला सांगायची आणि भिंतीकडे बघून हसायची.

ताईंनी ती डिस्क पाहून लगेच फोन केला.

"तुम्ही कुठे गेलात?"

"पट्ट्या काढताना कापला गेलो."

"मग राहू द्या त्या पट्ट्या. ती हसते कुणाकडे बघून, ते दिसायला नको?" कपाट उघडल्याचा आवाज आला. "मी आपली ती दुसरीच लावते." डिस्क शोधल्याची खुडबुड ऐकू आली. मग म्हणाल्या, "पण जावईबापू, तुम्ही मात्र पहिलीतच बरे दिसत होता."