सुरतेचं बालमंदिर आणि साताऱ्याचे पाढे

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सुरतेत राहत होतो. यजमान बँकेत होते आणि चार वर्षांची लेक जवळच्या गुजराती बालमंदिरात जायची. तिथे पाटी-पेन्सिल नव्हतीच. मुलं रुमाल धुऊन वाळत घालत, धान्य निवडत, खऱ्याखुऱ्या सुरीने काकडी चिरत. मी लेकीच्या हातातली सुरी काढून घ्यायला धावले, तर तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बेन, एने करवा दो." करू द्या तिला. मी फणकाऱ्याने घरी आले. काकडी चिरायला तर मीही शिकवलं असतं!

पण महिन्याभरात पोरगी वेणीफणी सोडून सगळं आपलं आपण करू लागली. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीला साताऱ्याहून सासरे आले. जन्मभर शाळामास्तर. त्यांनी नातीला मांडीवर घेऊन बेचा पाढा विचारला. तिने उलट त्यांनाच विचारलं, "आजोबा, काकडी समारी आपुं?" चिरून देऊ का? सासरे हसले नाहीत.

"सूनबाई, पाठांतर व्हायचं ते याच वयात होतं. हिला मी घेऊन जातो. वर्षभरात तयार करतो."

यजमानांनी मान डोलावली. एवढंसं लेकरू वर्षभर डोळ्यांआड राहणार होतं. पण सासऱ्यांपुढे बोलायची आमच्यात रीत नव्हती. शिवाय त्यांचं थोडं पटतही होतं. माझे पाढे वडिलांनी असेच करून घेतले होते आणि ते मला आजवर उपयोगी पडत आले आहेत.

पुढच्या दिवाळीत ती परत आली. वीसपर्यंत पाढे, वर दोन स्तोत्रं, कुठे अडखळणं नाही. शेजारच्या गुजराती बायकांनी तोंडात बोटं घातली. मीही मिरवून घेतलं. सासऱ्यांनी शब्द पाळला होता, आणि तोही मारूनमुटकून नव्हे, मायेने.

दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात नुसतीच उभी दिसली.

"काय गं?"

"आई, मला तहान लागलीये. पाणी घेऊ का?"

माठ तिच्या हाताशी होता. "घे की," मी म्हटलं. तिने भांडं भरलं, घोटभर प्यायली, आणि आपण बरोबर केलं की नाही ते माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली.