उडणाऱ्यांच्या जगातला पायी माणूस

त्याला उडता येत होते, पण तो कायम चालत येई. ज्या जगात आमची ओळख झाली ते एका संगणकीय खेळातले होते. ठोकळे रचून घरे, रस्ते, कालवे बांधायचे, असा तो खेळ. खेळ कंपनीचा, पण ते जग आम्ही शहरातल्या हौशी मंडळींनी वसवलेले. असे जग ज्या यंत्रावर अखंड जागे ठेवतात त्याला सर्व्हर म्हणतात आणि त्याचे दरमहा भाडे भरावे लागते. हा त्या सर्व्हरचा व्यवस्थापक. हवे तिथे क्षणात पोहोचण्याची मुभा त्याच्याजवळ असे. तरीही एखादा नवखा वेशीपाशी अडखळला की हा डोंगरापलीकडून पायी निघे आणि पोहोचेपर्यंत "आलो, आलो" असे लिहीत राही. खेळात त्याने स्वतःचे नाव 'राखणदार' ठेवले होते. कुणी मालक म्हटले तर तो लगेच दुरुस्ती करी, "मालक नका म्हणू. मालक लई लांब बसतो."

मी त्या काळी शाळेत भूमिती शिकवत असे. वर्गात डुलक्या घेणारी मुले घरी जाऊन तासन्‌तास कशात रमतात, हे तपासायला म्हणून मी त्या जगात शिरले आणि तिथेच राहिले. आम्ही आपल्या जुन्या शहराच्या नहरीची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कालव्याची, प्रतिकृती बांधत होतो. एके दिवशी राखणदाराचा निरोप आला, "मॅडम, पाणी शहागंजपर्यंत येईना. जरा उताराचं बघता का?" माझ्या विषयाची इतकी निकड मला वर्गात कधी जाणवली नव्हती.

कोणत्याही तक्रारीला त्याचे उत्तर ठरलेले असे : "चालून बघतो." शेजाऱ्याने भिंत सरकवली, कुणी बाग तुडवली, हा निघालाच. वरून एका नजरेत दिसेल ना, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "वरून समदं सपाट दिसतं, मॅडम. खड्डा पायालाच कळतो." तो पैठणकडचा, मेंढपाळाच्या घरातला. औरंगपुऱ्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्याच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. दुकानाचे काम आटोपले की तिथल्याच संगणकावर बसून तो हे जग राखी.

भाड्याची व्यवस्था सोपी होती. जो पैसे देईल त्याला 'पंख' मिळत, म्हणजे उडण्याची मुभा आणि मोक्याची जमीन आधी निवडण्याचा हक्क. सर्वांत मोठे देणगीदार आमचे शेठ. प्रत्यक्षातही त्यांचा प्लॉटिंगचाच धंदा होता. खेळातही नहरीचा मधला भाग त्यांनी कुंपण घालून ताब्यात ठेवला होता आणि ते आमच्या डोक्यांवरून भिरभिरत असत. मग कंपनीचे नवे नियम आले. पैसे घेऊन कुणालाही खेळात वरचढ करता येणार नाही. मदत जरूर घ्या, पण बदल्यात द्याल ती वस्तू निव्वळ शोभेची असावी. महिनाअखेरपर्यंत बदल न करणारे सर्व्हर बंद करण्यात येतील.

शेठनी राखणदाराला आणि मला औरंगपुऱ्यातल्या हॉटेलात चहाला बोलावले. ते मोकळे, हसतमुख गृहस्थ होते आणि आवाज न चढवता बोलत. "अरे भाऊ, कंपनीवाले काय पैठण गेटला येऊन बघणारेत का? पंख म्हणू नको, देणगी म्हण. बाकी जसं चालू आहे तसं चालू दे."

"नाव बदललं तरी उडणार तुम्हीच, काका. उद्या एखादं पोरगं म्हणलं, मला का नाय, तर त्याला काय सांगू?"

"मग भाडं कोण भरणार, तो पोरगा?" शेठनी बशी बाजूला सारली. "आणि तू कामाला आहेस तो गाळा कुणाचा, ठाऊक आहे ना?"

मी राखणदाराकडे पाहिले. त्याने उरलेला चहा शांतपणे संपवला. "ठाऊक हाय, काका. गाळा तुमचा, ह्यो चहा बी तुमचा. ते जग तेवढं तुमचं नाय. माझं बी नाय."

त्याच संध्याकाळी त्याने सर्वांचे पंख काढले आणि कुंपण उघडले. शेठनी पैसे थांबवले. पुढच्या भाड्याची सोय होण्यासारखी नव्हती आणि भरलेल्या भाड्याची मुदत संपताच यंत्रावरचे सारे पुसले जाणार होते. नहर, बाजार, मुलांनी कित्येक सुट्ट्या घालवून रचलेली घरे, सारेच.

मार्ग राखणदाराने आपल्या घरच्या रीतीतून काढला. त्याने फोनवरच्या आमच्या गटावर सर्वांसाठी लिहिले, "आमच्यात मेंढरं एका जागी ऱ्हात नाहीत. आज याच्या रानात बसवायची, चार दिसांनी त्याच्या. ज्याच्या रानात बसली त्यानं राखणदाराला भाकर द्यायची, त्याच्या रानाला खत मिळतं. आपलं जग बी असंच पाळीनं एकेकाच्या घरी बसवू." भाड्याच्या यंत्राऐवजी एकेकाच्या घरचा संगणक, आठवडाभर. पाळीत त्याने शेठचेही नाव घातले होते. शेठनी खाली टोमणा मारला, "आणि खत काय मिळणार?" राखणदाराने उत्तर दिले, "ते पीक आल्यावर कळतंय, काका."

पहिली पाळी माझी होती. मुदतीच्या शेवटच्या दुपारी तो माझ्या घरी आला आणि ते अवघे जग माझ्या संगणकावर उतरवून घेऊ लागला. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या गतीने सरकत होती. मध्येच वीज लुकलुकली आणि पट्टी थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि आता वेळ पुरेल की नाही हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हते. मी पंखा बंद केला. त्याने काय साधणार होते, देव जाणे. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुकानाचा मालक होता. राखणदार नुसते "बरं" म्हणाला, थोड्या वेळाने पुन्हा "बरं" म्हणाला आणि फोन पालथा ठेवला. त्याची नजर पट्टीवरून क्षणभरही ढळली नाही. ती शेवटाला टेकली तेव्हा दिवेलागण झाली होती. पडद्यावर वेशीपाशी एक मूल उभे दिसले. त्याने लिहिले होते : "कुणी आहे का?" राखणदाराने आधी त्याला "आलो" लिहिले, मग मला म्हणाला, "उद्यापासून दुकानात येऊ नको म्हणले."

मी काही शब्द जुळवत होते. त्याने ते ऐकून घेतले नाहीत. त्याला कीबोर्डवर वेशीपर्यंत चालायचे होते.

काही आठवड्यांनी त्याला हैदराबादेत काम लागले. जाण्याआधी त्याने सारी सूत्रे माझ्या हाती दिली आणि एकच सूचना केली : पाळी कुणाची चुकवायची नाही, कुणाची वाढवायची नाही. त्याच्या खोलीत संगणक नाही. त्याच्या घरी आमचे जग कधीच बसले नाही.

शेठची पाळी आली तेव्हा ते नाही म्हणतील असे मी गृहीत धरले होते. त्यांनी होकार दिला, पण कोरडाच. आठवडा संपला आणि त्यांचा फोन आला. नेहमीचा हसरा सूर नव्हता. एखादा विद्यार्थी वही उशिरा देताना बोलतो तसे ते बोलत होते. जग बसवलेला संगणक त्यांनी आपल्या कार्यालयात ठेवला होता. दुपारी त्याची घरघर ऐकत बसायची त्यांना सवय लागली होती. मुले नहरीवर खेळतात, मधला भाग खचला होता, तो त्यांनी स्वतः भरून काढला. मग म्हणाले, "मॅडम, अजून एक आठवडा राहू द्या ना आमच्याकडं."

"पाळी म्हणजे पाळी, शेठ," मी म्हणाले. फार कष्टाने म्हणाले. मग मी विचारले, "पण नहर खचल्याचे तुम्हाला कळले कसे? वरून तर दिसत नाही."

"चालत होतो," शेठ म्हणाले.

मी ते जसेच्या तसे हैदराबादला कळवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : "खत लागलं म्हणायचं."