पुढच्या सीटवरचा अँटेना

आलापल्लीच्या स्टँडवर सत्यशीला सगळ्यांना भाऊ म्हणायची. लच्छूभाऊ, अंकुशभाऊ, पानठेल्यावाला भाऊ, आणि चहावाल्याला तर दादाभाऊ. एकट्या श्रावणला तिनं कधी भाऊ म्हटलं नाही. सकाळी यायची, ‘निघायचं का?’ एवढंच विचारायची आणि त्याच्या काळी-पिवळी जीपच्या पुढच्या सीटवर बसायची. भामरागड रोडवरच्या एका उपकेंद्रात ती नर्स होती. श्रावण तिला रोज दारापर्यंत सोडायचा. आता एखाद्या बाईनं एखाद्याला भाऊ म्हटलं नाही, तर त्याला शंभर कारणं असतील. पण श्रावणनं एकच धरलं आणि त्यावर मनातल्या मनात अख्खं घर बांधून टाकलं. फक्त तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

माणूस वाईट नव्हता. बाप लाकडाच्या डेपोत ओंडके ओढता ओढता गेला. दोन बहिणींची लग्नं करता करता याचं स्वतःचं राहून गेलं आणि चाळिशी दाराशी आली. पोरवयात चंद्रपूरला गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात काढलेली वर्षं तेवढी कामाला आली. स्टँडवर कोणाचा हॉर्न बसला, कोणाचा सेल्फ रुसला, की हाक श्रावणलाच. चहावर काम करून द्यायचा. पण पुढच्या सीटचं विचारू नका. तिथं रोज धुतलेला टॉवेल. चुकून दुसरं कोणी बसायला आलं, तर ‘इंजिनची गर्मी लागते, मागं बसा’ म्हणून उठवायचा.

अशात अंकुशनं नवी गाडी आणली. अंकुश त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, दात पांढरेशुभ्र आणि हसायला कारण लागत नसे. तेवढ्यानं श्रावणचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते होळीनंतर. अंकुशच्या हैदराबादच्या मेहुण्यानं त्याला एक रेडिओ दिला, थेट उपग्रहावरून वाजणारा. तेव्हा त्या रस्त्यावर मोबाईलला रेंज नव्हती, एफएम तर स्वप्नातही नाही. आलापल्ली सुटली की ट्रान्झिस्टर नुसता खरखर करायचा. आणि हा डबा चहाच्या टेबलावर ठेवला तर काचेसारखा स्वच्छ गायला लागला. अख्खा स्टँड गोळा झाला. सत्यशीलाही आली. तिनं डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं.

श्रावणनं गाणं ऐकलंच नाही. त्यानं तिचे मिटलेले डोळे पाहिले, आणि अर्धा चहा तसाच टाकून गाडीकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही, ‘निघायचं का?’ ती अंकुशच्या गाडीकडं गेली. “आज गाणे ऐकत जातो म्हटलं,” एवढं मात्र जाता जाता सांगून गेली.

आणि वर गंमत बघा, रेडिओ गाडीत बसवून द्यायला अंकुश आला कोणाकडं? “श्रावणभाऊ, तुमीच बसवा. सीटवर ठेवतो तं गचक्यानं खाली पडते. दुसऱ्या कोनाच्या हाती मी नाई देत.”

रेडिओचा अँटेना म्हणजे डब्याच्या झाकणाएवढी चपटी पट्टी, मागं वायर. त्याला मोकळं आकाश दिसलं पाहिजे. त्याची जागा गाडीच्या टपावर, हे श्रावणला पहिल्या नजरेत कळलं. एक भोक, वायर आत, की झालं. त्यानं पट्टी हातात उलटीपालटी केली आणि तोंड गंभीर केलं.

“टपाले भोक पाडा लागते बा. पावसाळ्यात पानी गळन, नवी गाडी सडन. आतच ठेवू.”

“तुमी म्हनान तसं, भाऊ.”

मग श्रावणनं डबा डॅशबोर्डखाली पक्का केला, वायर नीट दडवली आणि अँटेना डाव्या दारावर, पुढच्या सीटच्या अगदी कानाशी टेकवला. सीट रिकामी असली की रेडिओ ठणठणीत. कोणी बसलं की आकाश झाकलं, आवाज गुल. आता गाणी हवी तर पुढची सीट रिकामी ठेव, लेका. ती काही मागं कोंबड्यांच्या टोपल्यांत बसायची नाही. येईल परत. त्या रात्री श्रावण तीन भाकरी जास्त जेवला.

सकाळी झालं अगदी तसंच. सत्यशीला बसली, रेडिओ मुका. अंकुशनं डोकं खाजवलं. “बाई, तुमी जरा मांगं...” श्रावण आपल्या गाडीपाशी टॉवेल झटकत उभा होता, कान तिकडंच.

“मांगं कायले?” सत्यशीला म्हणाली. “द्या इकडं, मी धरतो हातात.” तिनं पट्टी दारावरून काढली, खिडकीबाहेर हात काढून वर धरली, आणि रेडिओ गायला लागला.

झालं. त्या दिवसापासून तिचा हात खिडकीबाहेर. रस्ता वळला की पट्टीही वळवावी लागायची, म्हणून अंकुश आधीच सांगायचा, “आता उजवीकडं, बाई.” मग तिला वळणं पाठ झाली. मग सांगायची गरज राहिली नाही, तरी तो सांगायचा आणि ती हसायची. श्रावण मागच्या गाडीत धूळ खात हे सगळं बघायचा. पुढच्या सीटवर त्याचा टॉवेल, टॉवेलावर कोणी नाही. ‘हे मी केलं,’ असं त्याला वाटे, आणि मग अंकुशचा आणखीच राग येई. त्याच्या पांढऱ्या दातांचा, त्या मेहुण्याचा, हैदराबादचासुद्धा.

एकच आशा होती, पावसाची. उन्हाळ्यात रस्त्याकडेचा साग बोडका असतो, वर सगळं आकाश मोकळं. पाऊस लागला की हातभर रुंद पानं फुटतात आणि रस्त्यावर झाकण पडतं. तसंच झालं. रेडिओ वाटेतल्या पेरमिलीच्या अलीकडंच तुटायला लागला, मग पार बंद. श्रावणनं नवा टॉवेल आणला, निळ्या काठाचा. रोज सकाळी अंथरून वाट बघितली.

ती रोज आली, आणि रोज अंकुशच्या गाडीत बसली. हात आता खिडकीच्या आत.

“रेडिओ तं बंद हाय,” श्रावण न राहवून लच्छूला म्हणाला. लच्छू स्टँडवरचा जुना ड्रायव्हर, तंबाखू मळत बसलेला. “मंग आता काय आयकून राह्यली हे?”

“अंकुशले,” लच्छू म्हणाला.

एका रविवारी ती आणि अंकुश दोघंच स्टँडवर आली. जयभीम झालं. तिच्या हातात मंगल परिणयाची पत्रिका, कोपऱ्यांना लावलेली हळद अजून ओली.

“श्रावणभाऊ,” ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पुढचं त्याला जरा उशिरानंच ऐकू आलं.

“पयली पत्रिका तुमालेच. तुमी अँटेना आत ठेवला म्हून आमची बोलचाल झाली, नाईतं मी गाणे आयकून मुकाट उतरली असती. आता तेवढा पक्का करून द्या. वरातीत वाजवतो म्हनते हे.”

श्रावणनं पत्रिका खिशात ठेवली आणि ड्रिल आणलं. दुसरं करणार तरी काय होता? टपाला भोक पाडलं, रबर बसवलं, वायर आत घेतली, पट्टी ठोकली. चहा निवायच्या आत काम संपलं. अंकुशनं बादलीभर पाणी टपावर ओतून पाहिलं. आत एक थेंब नाही.

“भाऊ,” अंकुश भोळेपणानं म्हणाला, “तुमी तं म्हनत होते, पानी गळन.”

श्रावण ड्रिलची वायर गुंडाळत राहिला. सत्यशीलानं आधी कोरड्या सीटकडं पाहिलं, मग डाव्या दाराकडं, जिथं आधी पट्टी टेकवलेली होती तिथं. मग श्रावणकडं. बराच वेळ पाहिलं. अंकुश काही बोलायला गेला तसा तिनं त्याचा हात धरला, आणि टेबलावरचा कप उचलून श्रावणच्या पुढं केला.

“चहा घ्या, भाऊ,” ती म्हणाली. “थंडा होते.”