हिरवं बटण दाबलं आणि लेक निघाली

माझ्या एकुलत्या एका लेकीला मी तिच्या लग्नाच्या दिवशी दुसऱ्यांच्याच मंडपात नेऊन उभं केलं. (मुहूर्ताला वीस मिनिटं असताना!)

दोष गाडीचा नाही. गाडी सोन्यासारखी. जुनी, लांबलचक, दोन दारांची अमेरिकन. बॉनेटखाली आठ सिलिंडर आणि आवाज असा की आमच्या वळ गावच्या गोदामांची शटरं थरथरायची. फक्त स्टार्टर कामातून गेलेला, त्यामुळे धक्का मारायला चार हमाल लागायचे. बायको तिला गाडी म्हणतच नसे, "ते धूड" म्हणायची. पण प्राचीचा जीव त्या धुडावर.

"पप्पा, मंडपात मी याच गाडीतून येणार. पण धक्का मारत नाही हां! सासरचे बघतील."

दिला शब्द! लेकीला दिलेला शब्द, मग मला झोप कुठली लागतेय?

मूळ स्टार्टर आता मिळत नाही, म्हणून दुसऱ्या बनावटीचा मागवला. तो आला थेट हळदीच्या सकाळी. धामणकर नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "लग्न उरकून आणा." मला दम धरवेना. निजामपुऱ्यातून सलीमभाईला उचलून आणलं. हा आमचे पॉवरलूम दुरुस्त करणारा जॉबर.

"सेठ, मैं लूम का आदमी हूँ."

"मोटरच आहे ना? मोटर ती मोटर! शिर खाली."

बिचारा शिरला आणि झकास बसवलान स्टार्टर. पण चावीकडून येणारी वायर कुजलेली. इथे मी अक्कल पाजळली. लूमचंच बटण लावू, थेट बॅटरीवरून! हिरवं चालू, लाल बंद.

"सेठ, इसमें हरा दबा तो दबा रहता है, लाल दबाने तक. गाडी में तो तुरंत छोडना पडता है."

"हो रे, हो रे." (त्यानं दोनदा सांगितलं. मी दोनदा 'हो रे' म्हटलं.)

चावी फिरवली, हिरवं दाबलं, इंजिन गरजलं, लाल दाबलं. आनंदानं मी सलीमभाईला मिठी मारली, ऑइलसकट! पण रात्रभर ते लाल बटण डोक्यात खुपत राहिलं. लग्नाच्या गाडीत, नवरीसमोर, 'बंद'? छे! सकाळी उठून मी त्यावर आई एकवीरेचा पितळी चौकटीतला फोटो एमसीलनं चिकटवला. तासाभरात दगड झाला त्याचा.

"आणि बंद कसं करणार?" बायको.

"चावी आहे की!"

प्राची मागच्या सीटवर बसली. सजावटवाल्यानं ड्रायव्हरचं दार झेंडूच्या माळांनी आवळून टाकलेलं. मी दोऱ्या कापायला निघालो, तर फोटोग्राफर म्हणाला, "काका, आधी बाहेरूनच, खिडकीतून हात घालून बटण दाबा. फोटो एक नंबर येईल!" मला फोटोचा मोह. दाबलं.

चावी माझ्या कुडत्याच्या खिशात, तेव्हा इंजिन लागायचा प्रश्नच नव्हता. पण बटण थेट बॅटरीवर, त्याला चावीशी देणंघेणं नाही; आणि माझा हँडब्रेक नावालाच, म्हणून मी गाडी कायम गिअरमध्ये उभी करतो. झालं! नुसत्या स्टार्टरच्या जोरावर धूड घुर्र घुर्र करत, चालत्या माणसाच्या वेगानं निघालं. मी खिडकीला लटकलेला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात जीव! नवरीची गाडी हलली म्हणताच बेंजोवाल्यांनी ठेका धरला आणि माझ्या तिन्ही बहिणी गाडीपुढे नाचायला लागल्या.

"पप्पा, आपला मंडप मागे राहिला!"

"लाल दाब, लाल!"

"लालवर देवी आहे!"

"उपट फोटो!"

रस्त्याकडेनं माझी आई ओरडली, "खबरदार! देवीला हात लावशील तर बघ!"

"बॅटरी का तार निकालो!" सलीमभाई मागून धावत येत होता. पण बॉनेटवरसुद्धा माळांचं जाळं! क्लच दाबावा तर दार उघडेना. आणि बेंजोवाले? ते रंगात आलेले.

पुढच्या गोदामाच्या आवारात दुसऱ्या एका घरचं लग्न होतं. तिथल्या बायका आरतीचं ताट घेऊन आपल्या नवरीची वाट बघत उभ्या. आम्ही वाजतगाजत त्यांच्या दारात शिरलो आणि नेमकी तिथंच बॅटरी मेली. "नवरी आली गो!" म्हणत त्यांनी प्राचीला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि मग एक म्हातारी खिडकीतून वाकून बघत म्हणाली, "गो बाय, ही आपली न्हाय!"

मला रडू कोसळलं. खरंच सांगतो, भर रस्त्यात हुंदके द्यायला लागलो. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आणि मी तिचा तमाशा केला. प्राची खाली उतरली, शालू वर खोचला, माझं मनगट धरलं आणि मला फरफटवत आमच्या मंडपाकडे निघाली. वाटेत ती इतकी हसत होती की नथ दोनदा निसटली. मुहूर्ताला दोन मिनिटं असताना आम्ही पोचलो.

संध्याकाळी पाठवणी. प्राची आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होती, काही केल्या सोडवेना. सगळ्यांचे डोळे ओले. मी पुढे झालो आणि म्हणालो, "रडू नको बाळा. सलीमभाईनं बॅटरी चार्ज केलीय. मीच सोडतो तुला सासरी."

रडं जागच्या जागी थांबलं. तिनं शालू वर उचलला, धावत जाऊन नवऱ्याच्या गाडीत बसली आणि आतून दार लावून घेतलं. माहेर सोडायची इतकी घाई झालेली नवरी आमच्या वळमध्ये त्याआधी कुणी बघितली नव्हती.