दुखवट्याच्या घरातलं व्हायोलिन

बायको गेली त्याला आठ महिने झाले होते. आमच्यात वर्षाची मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत घरात गाणंबजावणं नसतं. माझ्या मोठ्या बहिणीने, चालता यायला लागल्यावर, स्वतः येऊन टीव्हीवर चादर टाकली होती आणि बजावून गेली होती, "वर्सभर हात लावायचा नाय." मी लावला नाही. तशीही मला बातम्यांची ओढ नाही.

त्यात आमच्या निर्मळ गावचा संगीताचा आठवडा आला. गावातलीच एक शिक्षिका तो भरवते. सात संध्याकाळी, सात घरं, आसपासच्या गावांतलीही. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठं एक, आणि गुडघ्यांत धरून वाजवतात तो चेलो. माईक नाही, स्टेज नाही. घरातल्या मोठ्या खोलीत चौघे बसतात, ऐकणारे जागा मिळेल तिथे, ओट्यावर, पायरीवर, केळीच्या बागेच्या बांधावर. हे वाजप मुळात खोलीत वाजवायलाच लिहिलेलं असतं म्हणे. गेल्या वर्षी शेजारी झालं तेव्हा बायकोने शिक्षिकेला परस्पर सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी शुक्रवार आमचा." मला विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती तिची.

म्हणून यंदा शिक्षिका दारात आली तेव्हा ती काय बोलणार ते मला कळलं.

"काका, यंदा तुमचं घर सोडते. दुसरीकडे सोय होईल."

"का? भिंती मेल्यात का माझ्या?"

ती जरा घुटमळली. "लोक बोलतील हो."

"बोलू दे. शुक्रवार इथेच होणार."

बोलून तर बसलो. लोकांची मला पर्वा नव्हती. पर्वा होती एकाच माणसाची, बहिणीची. तिला अर्नाळ्याला दिलेली. बायको गेली त्या आठवड्यात ती खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडलेली. मयतीला येता आलं नाही, मूठभर माती टाकता आली नाही. नणंद-भावजय जन्मभर भांडल्या आणि चार दिवस भेटल्या नाहीत की दोघींनाही करमायचं नाही. ती माती राहिली, म्हणून बहीण माझ्यापेक्षा कडक दुखवटा पाळत होती. आता बायकोचा शब्द मोडायचा की बहीण तोडायची, एवढंच माझ्या हातात होतं.

सोमवारी अर्नाळ्याला गेलो. बहीण अंगणात खुर्ची टाकून, सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे काठीने हाकत होती.

"बाय, शुक्रवारी घरी ते वाजवणारे येतायत."

"कोनाच्या घरी?"

"माझ्या."

"वर्स झालं का?"

"नाही."

"मग लाज गेली असंल."

"तिनेच शब्द दिलेला, बाय."

"ती देईल. ती सुटली. लोकांची तोंडं मला बघायची हायेत." कावळ्यावर उगारलेली काठी तिने माझ्याकडे वळवली. "मी येनार नाय. आनि त्या दिवशी तिथं वाजलं, तर परत कधीच येनार नाय."

निघताना बोंबील दिले नाहीत. असं आजवर झालं नव्हतं.

चार दिवस मी दुसऱ्यांच्या घरी ऐकायला गेलो नाही. आपलंच घर रिकामं करत बसलो. बायको शेवटी ज्या खाटेवर होती ती खाट उचलून पडवीत नेली. शुक्रवारी चौघे आले आणि नेमक्या त्या जागी खुर्च्या मांडून बसले. पंखा लावला तर समोरचे सुरांचे कागद उडतात, बंद केला तर घाम येतो, म्हणून त्यांची अडचण झाली. मी बायकोचे कपडे वाळत घालायचे चिमटे आणून दिले. चेलोवाल्या बाईने त्यातले लाल लाल निवडून घेतले.

माणसं भरली आणि बाहेर रिक्षा थांबली. काळ्या साडीत, काठी टेकत बहीण उतरली. मी खुर्ची पुढे केली, ती तिने बाजूला सारली आणि ओट्यावर बसली, घराकडे पाठ करून.

"मी वाजप ऐकायला नाय आले," ती म्हणाली. "कोन कोन निर्लज्ज आलेत ते बघायला आले."

पहिलं वाजवलं ते जलद होतं. दुसरं अगदी संथ. आमच्याकडे मयत नेताना बँड असतो, तो असाच संथ वाजतो. मयत समोरून जाताना बसलेला माणूस उठतो. ही सवय डोक्यात नाही, पायात आहे. ओट्यावर काठीचा आवाज झाला. बहीण उभी राहिली होती. तिला बघून पायरीवरचे उठले, मग खोलीतले, मग बांधावरचे. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. पहिला व्हायोलिनवाला घाबरून शिक्षिकेकडे बघायला लागला. तिने हातानेच सांगितलं, वाजवत राहा. मीही उभा राहिलो. बहिणीने आता तोंड घराकडे केलं होतं, त्या चार खुर्च्यांकडे. तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली.

वाजवणं थांबलं. टाळी कोणी वाजवली नाही, बसलंही कोणी नाही. ते चौघे तसेच हात वर धरून.

मग बहिणीचा आवाज आला. "बसा आता सगळे. नेली तिला." आणि चौघांवर डाफरली, "तुमी कशाला थांबलात? पुढचं वाजवा."

कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. बहीण उंबरा ओलांडून आत आली आणि नाकारलेल्या खुर्चीवर बसली. पुढचं वाजप घोडा उधळल्यासारखं होतं. तिची काठी जमिनीवर ताल धरत होती, पण हे तिला सांगायची सोय नाही.

चहा घेताना तिने चेलोवालीला विचारलं, "एवढं धूड मांडीत घेतेस, बाय, कंबर नाय दुखत?" माझ्या चहात साखर कमी म्हणून मला झापलं. रिक्षात बसताना म्हणाली, "उद्या कोनाकडं हाय?"

"पापडीला."

"न्यायला ये. रिक्षा घेऊन ये, तुझ्या स्कूटरवर मी बसनार नाय."

नेली. पापडीलाही एक संथ आलं आणि ती खुर्चीतून उठायला लागली. मी तिचा पदर ओढला. "बाय, बस. आज कोणी गेलेलं नाही."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "पाय आखडलाय."